'ब्यांक', 'बँक' आणि 'बैंक' : इंग्रजी शब्दांचे प्रांतोप्रांतीचे उच्चार

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील निगडी हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. शेजारी पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे १९७२ साली नवनगर प्राधिकरण झाले आणि गावाचे रूप पालटून गेले. आज निगडी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. परंतु ही हद्द ओलांडून चाकणच्या दिशेने जाऊ लागले की महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी अशी गावे लागतात. तेथील शाळांच्या पटावर आता मावळ-खेडच्या मुलांबरोबर मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश व बिहारमधून, कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुले दिसतात. अशा वर्गात शिक्षकाने इंग्रजीचा पाठ काढला आणि 'शाळेला इंग्रजीत काय म्हणतात?' असे विचारले, तर एक मूल 'स्कूल' म्हणते, दुसरे 'इस्कूल' म्हणते, तिसऱ्याच्या तोंडून 'सकूल' येते. वर्ग हसतो. ज्याला हसले ते मूल त्या दिवसापुरते, आणि पुष्कळदा त्या वर्षापुरते, इंग्रजीच्या तासाला गप्प बसते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत जून २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे पूर्वी दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढे येणारा हा प्रश्न आता सहा वर्षांच्या मुलापुढे येतो, आणि त्या वयात हसण्याचा घाव अधिक खोल जातो. म्हणून उच्चारातील हे भेद कोठून येतात, त्यांपैकी कोणते सुधारावयाचे आणि कोणते तसेच राहू द्यावयाचे, याची शिक्षकास नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

प्रथम 'बँक' हा एकच शब्द घ्यावा. त्यातील स्वर 'अ' नव्हे, 'आ' नव्हे आणि 'ए'ही नव्हे. हा स्वर जुन्या मराठीच्या वर्णमालेत नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात 'ब्यांक', 'क्याप्टन', 'म्यानेजर' अशी रूपे आढळतात. खेड्यातील वडीलधारी माणसे आजही 'ब्यांक', 'ब्याग', 'ब्याट' म्हणतात, ती हीच जुनी परंपरा होय. पुढे मराठीने अक्षरावर अर्धचंद्र देऊन 'बँक', 'बॅग', 'मॅनेजर' असे लिहिण्यास आरंभ केला, आणि २००९ सालच्या शासननिर्णयाने 'ॲ' व 'ऑ' या स्वरांस वर्णमालेत रीतसर स्थान मिळाले. कन्नड व तेलुगू या भाषांनी मात्र 'ब्यांक' हीच घडण ठेवली आहे. गुजराती माणूस 'बेंक' लिहितो. मल्याळीत 'बांक' असे रूप आहे. हिंदीत 'बैंक' लिहितात.

या शेवटच्या रूपाने आपल्याकडे मोठी गंमत होते. हिंदी भाषक 'ऐ' हे अक्षर एका उघड्या स्वराने, मराठी 'ॲ'च्या जवळ जाणाऱ्या उच्चाराने वाचतो. मराठी माणूस तेच अक्षर 'अइ' असे जोडस्वराने वाचतो. त्यामुळे हिंदीतील 'बैंक' व 'मैनेजर' या पाट्या मराठी मूल 'बइंक' व 'मइनेजर' अशा वाचते, आणि हिंदी घरातील मुलाला मराठी 'बँक'वरचा अर्धचंद्र म्हणजे काय, हे कळत नाही. लिपी एकच, शब्दही एकच, आणि तरी वाचन दोन तऱ्हेचे! यात कोणत्याही मुलाची चूक नाही. प्रत्येकाने आपल्या मातृभाषेच्या नियमाने अक्षर वाचलेले असते. शिक्षकाने दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून दाखविली, तर हा घोटाळा पाच मिनिटांत मिटतो.

'स्कूल' शब्दाची कथाही अशीच आहे. शब्दाच्या आरंभी 'स्' आणि दुसरे व्यंजन जोडून आले की हिंदी प्रदेशातील पुष्कळ बोलींना ते जड जाते. तेव्हा आधी एक 'इ' लावून 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणतात. पंजाबी माणूस जोडाक्षराच्या मधोमध 'अ' घालून 'सकूल' म्हणतो. मराठी प्रमाणभाषेला असे जोडाक्षर चालते, परंतु खेड्यातील मराठीने 'स्टेशन'चे 'ठेसन' केलेच. हे 'ठेसन' अडाणीपणाचे लक्षण मानण्याची रीत आहे. वस्तुतः संस्कृत 'स्थान' शब्दाचे मराठीत 'ठाण' व 'ठाणे' झाले ते ज्या वाटेने, त्याच वाटेने 'स्टेशन'चे 'ठेसन' झाले. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, तेव्हा जुने 'ठाणे' आणि नवे 'ठेसन' असे दोघे एकाच रुळांवर भेटले म्हणावयाचे. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि मावळच्या माणसानेही 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' केला. तो 'फलाट' आज ग्रांथिक मराठीत सन्मानाने बसला आहे. 'ठेसन' मात्र बाहेरच उभे आहे. शब्दांच्या नशिबात असा भेद का पडावा, याला उच्चारशास्त्रात उत्तर नाही.

गोव्यातील कोकणीत शाळेला 'इस्कोल' म्हणतात. हिंदीतील 'इस्कूल' आणि हे 'इस्कोल' दिसावयास भावंडे वाटली, तरी 'इस्कोल' इंग्रजीतून आलेले नाही. ते पोर्तुगीज 'एस्कोला' शब्दापासून आले आहे, आणि त्यातील आरंभीचा स्वर मुळातलाच आहे. मराठीतील 'इस्पितळ'ही त्याच पोर्तुगीज घरचे.

खेड्यातील मराठीत 'सिमेंट'चे 'शिमिट', 'सिनेमा'चे 'शिनेमा' आणि 'सिग्नल'चे 'शिंगल' होते. येथेही मराठीचा एक जुना स्वभाव प्रकट होतो. 'स'पुढे 'इ' किंवा 'ई' आली की मराठीचा कल 'श'कडे असतो. संस्कृत 'सीमा' शब्दाची मराठीत 'शीव' झाली. 'सिध्यति' या क्रियापदापासून 'शिजणे' निघाले. म्हणजे 'शिनेमा' म्हणणारी आजी सातआठशे वर्षांचा नियम पाळीत असते. याच्या उलट बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील बोलींचा कल 'श'चा 'स' करण्याकडे आहे. तेथील मुलाच्या तोंडी 'शर्ट'चा 'सर्ट' होतो. एकाच बाकावर 'शिनेमा' व 'सर्ट' शेजारी बसलेले असतात.

इतर प्रांतांकडे पाहिले तर हाच न्याय दिसतो. तेलुगू शब्दास अखेरीस स्वर हवा असतो, म्हणून तेथे 'बस्सु', 'रोड्डु', 'कारु' ही रूपे रूढ आहेत. बंगालीत 'व'साठी स्वतंत्र वर्णोच्चार नसल्याने इंग्रजी 'व्ह'च्या जागी 'भ' येतो. मल्याळी माणसाच्या बोलण्यात 'झू'चा 'सू' होतो. मराठीजवळ या ध्वनीसाठी 'झ' आहे. 'झेब्रा', 'साइझ', 'झेरॉक्स' असे मराठी सहज लिहिते व बोलते. 'व'च्या बाबतीतही मराठीने एक सोय केली आहे. ओठ दातांस लावून काढावयाच्या इंग्रजी ध्वनीसाठी 'व्ह' आणि ओठांचा चंबू करून काढावयाच्या ध्वनीसाठी 'व', असा भेद ती लेखनात राखते. 'व्हॅन' आणि 'वॉच' ही उदाहरणे पाहावीत. हिंदी दोहोंसाठी 'व'च वापरते. अर्थात 'व्ह'मधील 'ह' इंग्रजीत नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. नाही तर 'व्हॅन' म्हणताना मुले उगाच जोरात फुंकर घालतात.

मराठीची स्वतःची अशी आणखी एक अडचण आहे. 'च', 'ज' व 'झ' या अक्षरांचे मराठीत दोन दोन उच्चार आहेत. 'जग' म्हणजे दुनिया यातील 'ज' वेगळा, आणि पाण्याचा 'जग' यातील वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच. इंग्रजीतील पाण्याचा 'जग' मराठी उच्चारसवयीने मूल दुनियेच्या 'जगा'सारखा वाचते. तेव्हा 'जेवण' शब्दातील 'ज' तोंडात धरून 'जग' म्हणावयास सांगावे. मूल लगेच ठिकाणावर येते.

इंग्रजांनाही मराठी शब्द बोलताना हीच अडचण आली होती. 'खडकी'चे त्यांनी 'किरकी' केले, 'पुणे'चे 'पूना' केले, 'शीव'चे 'सायन' केले. त्यांच्या भाषेत 'ख' आणि 'ड' हे वर्ण नव्हते, म्हणून हाताशी जे होते त्यावर त्यांनी भागविले. १८१७ सालची खडकीची लढाई इंग्रजी इतिहासग्रंथांत 'किरकी'च्या नावानेच नोंदली गेली, आणि त्याबद्दल कोणी इंग्रज शाळामास्तराची छडी खाल्ल्याचे ऐकिवात नाही.

आता प्रश्न असा की ज्याला 'शुद्ध' इंग्रजी उच्चार म्हणतात तो नेमका कोठे नांदतो? प्रत्यक्ष इंग्लंडातही तो एक नाही. लंडनकडील माणूस 'बाथ', 'ग्रास' असे दीर्घ स्वराने बोलतो. उत्तरेस यॉर्कशर व लँकेशर प्रांतांत हे शब्द ऱ्हस्व स्वराने बोलले जातात. त्याच उत्तर भागात 'कप' व 'बस' यांचे उच्चार 'कुप' व 'बुस' यांच्या जवळ जातात. हे ऐकून मराठी शिक्षकास हसू आले, तर त्याने मुलांच्या एका जुन्या तक्रारीची आठवण करावी. 'बी-यू-टी बट, तर मग पी-यू-टी पट का नाही?' ही ती तक्रार. सतराव्या शतकापूर्वी इंग्रजीत या दोन्ही शब्दांतील स्वर एकच, 'उ'सारखा होता. म्हणूनच दोहोंत एकच अक्षर आहे. नंतर दक्षिण इंग्लंडात बहुतेक शब्दांत तो 'अ'कडे झुकला. 'पुट', 'पुल', 'फुल', 'बुल' अशा काही शब्दांत ओठांच्या व्यंजनाशेजारी तो टिकून राहिला. ओठांचेच व्यंजन असूनही 'बट' मात्र बदलला. नियम पुरता पाळला गेला नाही. उत्तर इंग्लंडातील बोलीत हा बदल झालाच नाही, म्हणून तेथे 'बट' आणि 'पुट' यांची यमके आजही जुळतात. पहिलीदुसरीतल्या मुलाची शंका अशी तीनशे वर्षांच्या इतिहासाला जाऊन भिडते. त्या शंकेस 'इंग्रजी भाषाच वेडी' असे उत्तर देणे शिक्षकास शोभत नाही.

'र'ची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 'कार', 'डोअर', 'टीचर' या शब्दांतील अखेरचा 'र' भारतीय माणूस स्पष्ट उच्चारतो आणि काही हौशी मंडळी त्यास दोष देतात. लंडनच्या बोलीत हा 'र' अठराव्या शतकाच्या अखेरीस क्षीण झाला. जॉन वॉकर याने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात तशी नोंद केली आहे. परंतु स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा बराच मोठा भाग येथे हा 'र' आजही खणखणीत उच्चारला जातो. मुंबईत १८२९ साली आलेले व पुढे ज्यांच्या नावे विल्सन कॉलेज प्रसिद्धीस आले ते जॉन विल्सन स्कॉटलंडचेच होते. तेव्हा 'र' उच्चारणारा मराठी विद्यार्थी चांगल्या संगतीत आहे. त्याची ती सवय मोडण्यात वेळ घालवू नये.

'थ' आणि 'द' यांचेही तसेच. 'थ्री' म्हणताना इंग्रज जीभ दातांमध्ये धरून हवा सोडतो. भारतात सर्वत्र दंत्य 'थ' वापरतात. पण लंडनच्या कामकरी वस्तीत 'थ्री'चा 'फ्री' होतो, आणि आयर्लंडात तो 'ट्री'सारखा ऐकू येतो. इंग्रजी 'टी' व 'डी' या अक्षरांचे ध्वनी वरच्या दातांमागील हिरडीच्या उंचवट्यावर उमटतात. भारतीय कानास ते 'त'पेक्षा 'ट'च्या जवळचे वाटले म्हणून काश्मीरपासून केरळपर्यंत 'टेबल' व 'डॉक्टर' असे मूर्धन्य उच्चार रुजले. भारतीय इंग्रजीची ही खूण जगभर ओळखली जाते आणि अर्थाच्या कोठेही आड येत नाही.

हल्ली मुलांच्या कानांवर भ्रमणध्वनीवरून अमेरिकेचे इंग्रजी फार पडते. त्यामुळे शाळेत 'शेड्यूल' शिकलेले मूल घरी 'स्केज्युल' ऐकते, आणि 'झेड'ला कोणी 'झी' म्हणते. दोन्ही रूपे आपापल्या देशी शिष्ट आहेत. 'लेफ्टनंट' हे मराठीत रुळलेले रूप ब्रिटिश होय; अमेरिकेत त्याचा 'लूटेनंट' होतो. मुलाने विचारले तर एवढे सांगावे व पुढे जावे.

उच्चारावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत इंग्लंडात फार प्रबळ होती. १९१३ सालच्या बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा तोच विषय आहे, आणि पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून 'ती फुलराणी' लिहिले, ते १९७५ साली रंगभूमीवर आले. त्यात भेद मराठीच्याच बोलींचा आहे, आणि ते उघडच आहे; मराठी प्रेक्षकास लंडनच्या बोलीचा उपहास कळला नसता, 'अशुद्ध' मराठीचा मात्र तात्काळ कळतो. शिक्षकांनी यावर अंमळ विचार करावा. वर्गात 'इस्कूल'ला हसणारी मुले उच्चारास हसत नसतात, तर बहुधा त्या मुलाच्या गावास आणि त्याच्या बापाच्या कामास हसत असतात. हे हसू थांबविणे हे इंग्रजीच्या पाठाआधीचे काम आहे.

मग शिक्षकाने काहीच सुधारू नये काय? तसे नाही. जेथे उच्चार बदलताच शब्द बदलतो तेथे कसून सराव करून घेतला पाहिजे. मराठी मुलाची सर्वांत मोठी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, 'फुल' म्हणजे भरलेले आणि 'फूल' म्हणजे मूर्ख. मराठीत 'दिन' व 'दीन' यांसारख्या जोड्या थोड्या, त्यामुळे मराठी कानास हा भेद पाळण्याची सवय नाही. शिवाय आपल्या शुद्धलेखनानेही हातभार लावला आहे. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ लिहिण्याचा नियम आहे. मराठी साहित्य महामंडळाची १९६२ सालची नियमावली शिक्षकांच्या परिचयाची आहेच. त्या रूढीने इंग्रजीतील ऱ्हस्व स्वराचे आपण 'तिकीट' आणि 'बिस्कीट' केले, आणि 'तिकिटाला', 'बिस्किटाचा' म्हणताना तो पुन्हा ऱ्हस्व केला. मराठीत हे योग्यच आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र तोच शब्द ऱ्हस्व उच्चारावयाचा, हे मुलांस समजावून द्यावे लागते.

याच जातीचे भेद 'पेन' व 'पॅन', 'होल' व 'हॉल', 'सिप' व 'शिप' यांत आहेत. सरावासाठी साधनसामग्री लागत नाही. फळ्यावर एकीकडे जहाज व दुसरीकडे मेंढी काढावी, शिक्षकाने वहीने तोंड झाकून शब्द उच्चारावा आणि मुलांनी योग्य चित्राकडे बोट दाखवावे. आधी कान तयार होतो, मग जीभ. कान तयार नसता जिभेला पुनःपुन्हा टोकणे व्यर्थ होय.

आघाताकडे आपल्या शाळांत फारसे लक्ष दिले जात नाही. मराठीत शब्दातील आघाताने अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. 'थर्टी' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येतो, 'थर्टीन' म्हणताना तो अखेरच्या अक्षरावर जातो. दोन्ही सारख्याच जोराने आणि अखेरचा 'न' गिळून म्हटले, तर तेरा आणि तीस यांत फरक राहात नाही. मराठीत 'तेरा' आणि 'तीस' यांचा गोंधळ होणे अशक्य. परंतु निगडी-चाकण भागातील कारखान्यांत मापे इंग्रजीत सांगितली जातात, आणि सांगणारा व ऐकणारा दोन वेगळ्या प्रांतांचे असतात. तेरा मिलिमीटरच्या जागी तीसचे भोक पडले, तर तो तुकडा भंगारात जातो. शाळेतली मुले उद्या याच यंत्रांपाशी उभी राहणार आहेत. तेव्हा 'थर्टीन-थर्टी', 'फिफ्टीन-फिफ्टी' या जोड्या टाळ्या वाजवून, जोर कोठे ते दाखवून, चौथीच्या आत पक्क्या करून घ्याव्यात.

अक्षरांच्या नावांतही घोटाळा होतो. 'बी', 'डी', 'पी', 'टी' ही दूरध्वनीवर एकसारखी ऐकू येतात. वैमानिकांनी यासाठी 'आल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशी शब्दमाला १९५६ पासून स्वीकारली. निरनिराळ्या देशांच्या माणसांनी आपापल्या ढंगाने उच्चारली तरी ओळखू यावी, अशा बेताने ते शब्द निवडलेले आहेत. वर्गात मुलांनी स्वतःचे नाव इंग्रजी अक्षरांनी सांगताना प्रत्येक अक्षराला ओळखीचा एक शब्द जोडावा. हा खेळ मुलांना आवडतो.

उरले ते मूक अक्षरांचे शब्द. 'प्लंबर'मधील 'बी' बोलावयाचा नसतो, 'रिसीट'मधील 'पी' बोलावयाचा नसतो. आपण इंग्रजी कानाने कमी व डोळ्याने अधिक शिकलो, म्हणून अक्षर दिसेल तसे वाचण्याकडे कल होतो. 'प्लंबर'चे मराठी लेखन हे त्याचेच उदाहरण होय, आणि मराठीत ते तसेच राहावयास हरकत नाही.

श्रुतलेखनाच्या वेळी या सर्वांचा कस लागतो. शिक्षक स्वतः 'शिप' व 'शीप' एकाच तऱ्हेने म्हणत असेल, तर मुलाने कोणतेही लिहिले तरी ते चूक धरणे न्याय्य नाही. म्हणून असा शब्द आधी सुटा, मग एखाद्या सोप्या वाक्यात आणि पुन्हा सुटा उच्चारावा. तपासताना मुलाने 'स्कूल'ची अक्षरे बरोबर लिहिली असतील, तर ती लिहिताना त्याने मनात 'इस्कूल' म्हटले की 'सकूल', याचा शोध घेऊ नये; गुण पूर्ण द्यावेत.